खिडकीतली पलटण

"माझ्या दुकानातून टाचणी हरवली तर मिशी काढीन!" सिंदी गावचे फोटोग्राफर रूपराव गेली वीस वर्षं हे ऐकवत आले होते. मिशी शाबूत होती.

अठ्ठ्याहत्तर साली, पितृपक्षाच्या तोंडावर गावातल्या आनंदाबाई दुकानात आल्या, तेव्हाही रूपरावांनी छाती फुगवलीच.

"भाऊ, लढाईवर जाताना आमच्या ह्यायनं तुमच्या वडलांपाशी फोटो काढलता. माणूस काही परत आला नाई. पस्तीस वर्षं झाली, मी रिकाम्या पाटाले हार घालून राह्यली."

"यंदा रिकामा पाट नाई, मावशी! बापूजीनं काढलेल्या शिपायांच्या फोटोच्या चोवीस काचा हायेत, निगेटिव्हच्या, नंबरवार. उद्या या."

घरी काचांची पेटी उघडली, तर आत कांदे!

"नलू! बापूजीच्या काचा?"

"खिडकीत," पोळी उलटवत बायको म्हणाली. "दोन वर्षं तुमी खिडकीले काचा आणतो, काचा आणतो करून राह्यले. शेवटी मीच बसवल्या. काय काळ्या होत्या! ऊन पाणी, सोडा, नारळाची शेंडी, तेव्हा कुठं साफ झाल्या."

रूपरावांनी पाहिलं. अख्खी पलटण धुऊन निघाली होती आणि तिच्यातून शेजारच्या नानाजींची म्हैस लख्ख दिसत होती. रूपराव ओरडणार तरी कोणत्या तोंडाने?

"तेवीसच लागल्या," नलूने धीर दिला. "एक न धुताच डाळीच्या डब्यावर झाकली हाय."

त्या काचेवरची नंबराची चिठ्ठी मात्र नलूने खरवडून काढली होती. रूपरावांनी फोटो छापला. जाड मिशी आणि बापूजींच्या स्टुडिओतला एकुलता एक खाकी कोट! तो कोट चोवीसही जणांनी आळीपाळीने घातला होता. हा कोण, ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी आनंदाबाई आल्या, तेव्हा खरं सांगून टाकायचं, असं रूपरावांनी ठरवलं होतं.

"मावशी, पाहून सांगा, हेच का ते? मले तर..."

आनंदाबाईंनी फोटो उजेडाकडे धरला.

"मी काय सांगू, भाऊ? लग्नात मान खाली. मंग वीस दिवस सासूपुढं डोक्यावरून पदर. तोंड नीट पाह्यलंच कुठं? तुमच्यापाशी नंबर हाय ना, तुमीच सांगा."

रूपरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"हेच," ते म्हणाले.

आनंदाबाईंनी पदराने फोटो पुसला, मग डोळे पुसले. रूपरावांना फार वाईट वाटलं. त्या गेल्यावर ते उठले आणि निमूटपणे न्हाव्याकडे गेले.

तिसऱ्या दिवशी दारात गिरडच्या भागीरथाबाई उभ्या. "आनंदाबाईच्या घरच्यायचा फोटो सापडला म्हणे! आमचेबी लढाईवर गेलते. रूपराव फोटोवाले हायेत का?"

रूपरावांनी गुळगुळीत ओठावरून हात फिरवला.

"नाई," ते म्हणाले. "ते बाहेरगावी गेले."