घर वर चाललंय

"तुमचं घर वर चाललंय," विभागप्रमुख म्हणाले.

तिला वाटलं, कौतुक करतायत. "सगळं मावशीमुळे, सर," असं ती लाजून म्हणालीसुद्धा. मग सरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

उपग्रहाच्या रडारवरून जमिनीची हालचाल मोजणं हे तिचं काम. कुठला उतार सरकतोय, कुठला रस्ता खचतोय, हे आकाशातून अगदी नखाएवढ्या फरकापर्यंत कळतं. त्यासाठी शहरात जागोजागी धातूचे मोठाले तिकोनी आरसे ठेवले होते. उपग्रह वरून गेला की रडारची लहर त्यांच्यावर आपटून थेट माघारी जायची. त्यातला एक तिने स्वतःच्याच गच्चीवर ठेवला होता. खरं तर तो बोल्ट मारून पक्का करायचा. पण "माझ्या स्लॅबला भोक पाडलंस तर याद राख," असं मावशीने दटावल्यामुळे तो नुसता आपल्या वजनावर उभा होता.

पडद्यावर बाकी सगळ्या आरशांच्या रेषा शहाण्या मुलांसारख्या आडव्या झोपल्या होत्या. तिच्या घराची रेषा मात्र पायऱ्या चढत निघाली होती.

"सॉफ्टवेअर गंडलं असेल," ती म्हणाली.

"पुन्हा पुन्हा तपासलं. तुमच्या घराखाली काहीतरी फुगतंय. पाणी, वायू, काहीही असेल."

घरी येताच ती भिंतींना भेगा शोधत फिरली. फरशीवर गोटी ठेवून पाहिली. गोटी घरंगळत कपाटाखाली गेली आणि ती पालथी पडून कपाटाखाली बघू लागली.

"ती तिकडेच जाते. गवंड्याची कृपा," मावशी म्हणाली. "तुझं हरवलंय काय?"

"मावशी, आपलं घर वर येतंय."

"येऊ दे की. खाली डास फार आहेत."

शेजारचे काका खिडकीत उभे होते. त्यांनी ऐकलं ते बायकोला सांगितलं, बायकोने समोरच्यांना. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा ज्वालामुखी झाला. सकाळी काकांचा फ्रिज रस्त्यावर होता आणि काकू त्यातलं दूध फाटायच्या आत सगळ्यांना चहा पाजत होत्या. पालिकेचा अभियंता गल्ली रिकामी करायची का, ते विचारायला आला. पाठोपाठ सर आले, भूगर्भतज्ज्ञ आले आणि त्यांच्यामागून जमिनीत भोक पाडायचं यंत्र घेऊन एक ट्रक.

मावशी फाटकात आडवी उभी राहिली. "माझ्या गुलाबांतून बोअर? आधी मला उचला!"

"मावशी, सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे गं," ती रडकुंडीला आली.

"निदान आरसा तरी बघू द्या," सर म्हणाले.

"बघा. पण जिना हळू चढा. आत्ताच झोपलीत."

"कोण?"

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. सगळी वरात पाऊल न वाजवता गच्चीवर गेली. आरशाखालच्या सावलीत, मावशीच्या जुन्या शालीवर, मांजरीला बिलगून तीन पिल्लं झोपली होती. आरशाच्या प्रत्येक पायाखाली फरशीच्या तुकड्यांची चळत होती.

"मावशी! हात लावू नकोस म्हणाले होते ना?"

"हात कुठे लावला? पहारीने उचलला. पिल्लं वाढतात, डोकी आपटतात. मग घालते एकेक फरशी."

तिला वाटलं, गच्ची खचावी आणि तिने आपल्याला पोटात घ्यावं. सर पुढे झाले. गुडघे टेकून त्यांनी फरशीच्या तुकड्याची जाडी मोजली, खिशातून आलेख काढला, पुन्हा मोजली.

"तंतोतंत," ते कुजबुजले. "अहो, इतक्या उंचावरून आपल्याला फरशी दिसली! अशी चाचणी आपण जन्मात करू शकलो नसतो." मग मावशीकडे वळले. "आता या फरश्या काढून टाकू या का?"

"अजून आईचं दूधही सुटलं नाही पिल्लांचं. तुमच्या उपग्रहाला सांगा जरा थांबायला."

ट्रक यंत्रासकट परत गेला. काकांचा फ्रिज आत न्यायला भूगर्भतज्ज्ञांनी हात एकदाच लावला, चहा मात्र दोनदा घेतला.

पुढच्या वेळी उपग्रह गेला तेव्हा कार्यालयातले सगळे तिच्या खुर्चीमागे गर्दी करून उभे होते. रेषा सरळ आली, थबकली आणि टुणकन एक पायरी वर चढली.

"वाढतायत हो," सर समाधानाने म्हणाले.