संशयित वधूपिता

लग्न अगदी तोंडावर आलं असताना अवकाळी वाऱ्याने रोह्याच्या मंगल कार्यालयाचे पत्रे उडवून नेले. वधूपिता गोविंदराव, राहणार वरसे, यांनी धावाधाव करून पेणला दुसरं कार्यालय मिळवलं आणि जेवण आटोपून फोन घेऊन ओटीवर बसले. पाहुण्यांना एवढंच सांगायचं होतं की लग्न रोह्याला नाही, पेणला आहे.

जुना फोन आठवड्यापूर्वी विहिरीत पडला होता. हातातला नवा, साधा बटणांचा, नंबरही नवा. मुलगी संध्या आपल्या मोबाईलमधून पाहुण्यांचे नंबर सांगत होती. ती म्हणालीही, "बाबा, मीच कळवते ना सगळ्यांना."

"नाय गो. वडीलधाऱ्यान फोन करायला होवा. लोक नावं ठेवतील."

पहिल्या काही पाहुण्यांनी फोन घेतला. पुढच्यांनी 'लोन नको' म्हणून कापला. मग कोणी उचलेचना. संध्याने शंका येऊन वडिलांना स्वतःच्याच नंबरवर फोन करायला लावला. तिच्या मोबाईलवर लाल अक्षरं उमटली, 'संशयित स्पॅम'.

"बाबा, तुमच्यावर शिक्का बसलाय. कंपनीला वाटतंय तुम्ही लोकांना गंडवणारे आहात."

"मी? मी तर लग्नाला बोलवतोय!"

एकाने मात्र फोन उचलला. हमरापूरला गणपतीच्या मूर्ती घडवणारे त्यांचे होणारे व्याही, दिनानाथशेठ.

"शेठ, मी गोविंदा. हॉल बदललाय. पेणला या."

"कोण गोविंदा?"

"तुमचा व्याही!"

"असं? माझ्या व्याह्याचा नंबर माझ्याकडं सेव्ह हाय, तो हा नाय. आता ओटीपी विचारशील, व्हय ना? लाज नाय वाटत, लग्नाच्या घरात हात मारतोस?"

दिनानाथशेठ जागरूक नागरिक होते. त्यांनी लगेच त्या नंबराची तक्रार केली आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'सावधान! लग्न पेणच्या कार्यालयात आहे असं सांगणारा एक भामटा फिरतो आहे. बळी पडू नका.'

संध्याने ताबडतोब नवऱ्यामुलाला, साईराजला, फोन लावला. त्याला वडिलांची ताकीद मिळाली होती. हल्ली मशीन हुबेहूब आवाज काढतं म्हणे.

"तू खरंच संध्या असशील, तर सांग," तो हळूच म्हणाला, "आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी काय खाल्लं होतं?"

"मिसळ."

"वडापाव!"

"मिसळ खाल्लीस तू! तर्री शर्टावर सांडलीस!"

साईराजने फोन ठेवला. संध्याने मोबाईल पलंगावर आपटला आणि अशा विसरभोळ्या माणसाशी लग्न करायचं की नाही याचा विचार करते, असं आईला सांगून आतून कडी लावली.

सकाळी गोविंदरावांच्या फोनवरून फोन जाणंच बंद झालं. बायको गिरजाबाई म्हणाल्या, "आता सोता जाऊन उभे राव्हा त्यांच्यासमोर. तोंड तरी वळखतील." गोविंदरावांनी एसटी धरली. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, आणि वाटभर त्यांना एकच चित्र दिसत होतं: पेणला आपण तिघं अक्षता घेऊन उभे, आणि बाकी सगळं वऱ्हाड रोह्यात पत्रे नसलेल्या मांडवात.

हमरापूरला व्याही घरी नव्हते. विहीणबाई म्हणाल्या, "पेणला मेळाव्याला गेलेत. फोनवरच्या फसवणुकीचा." गोविंदराव तसेच पेणला मागे फिरले.

दूरसंचार नियामकाने मोबाईल कंपन्यांना सोबत घेऊन ग्राहकांसाठी तो मेळावा भरवला होता. मंचावर नियामकाच्या अधिकारी बाई, शेजारी कंपनीचा टाय लावलेला माणूस. पहिल्याच रांगेत उभे राहून दिनानाथशेठ सांगत होते, "मॅडम, मी कालच एका भामट्याला पकडला. माझ्या व्याह्याचा आवाज काढत होता!"

"तो मीच!" मागून गोविंदराव ओरडले.

सभागृहात हशा पिकला. दिनानाथशेठ वळले आणि मटकन खुर्चीत बसले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कंपनीच्या माणसाला नंबर तपासायला लावला. त्याने लॅपटॉप पाहून सांगितलं, "मॅडम, नवा नंबर, एका दुपारी ढीगभर कॉल, सगळे काही सेकंदांचे. म्हणून आमच्या यंत्रणेला संशय आला."

"लोकांनी कापले म्हणून ते काही सेकंदांचे. आणि कापले का?"

"संशयित दिसला म्हणून," तो पुटपुटला.

"त्रासदायक कॉल ओळखा, हे आम्हीच तुम्हाला सांगितलं. ते काम तुम्ही चांगलंच करताय. पण भला माणूस अडकला तर त्याला सोडवायचं कामही तुमचंच. मी इथं बसल्येय."

चहा येईपर्यंत नंबर सुटला. दिनानाथशेठनी गोविंदरावांना मिठी मारली. "व्याही, माफ करा. तक्रार पण मीच केलेली." गोविंदरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

दिनानाथशेठनी ग्रुपवर टाकलं, 'लग्न खरोखर पेणला.' क्षणात उत्तर आलं, 'शेठचा फोन हॅक झालाय!' दोघांचा गळ्यात गळे घातलेला फोटो टाकला. 'फोटो बनावट आहे, शेठ एवढे हसत नाहीत.'

बाईंनीच वाट दाखवली. "विश्वास ठेवा म्हणू नका. कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा म्हणा."

ती मात्रा लागू पडली. पेणच्या कार्यालयाचा मॅनेजर रात्रंदिवस "हो, इथंच आहे" एवढंच बोलत राहिला, आणि लग्नाच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं. साईराज बोहल्याकडे जाता जाता संध्याला म्हणाला, "आईन शर्टावरचा डाग दाखवला. मिसळच होती." संध्या हसली. गोविंदरावांना वाटलं, सुटलो एकदाचे.

पण मुहूर्त जवळ आला तरी भटजींचा पत्ता नव्हता. त्यातच गोविंदरावांचा फोन सारखा वाजत होता. अनोळखी नंबर. त्यांनी तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मेळाव्यात ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. शेवटी उचलून ते कडाडले, "तक्रार करीन हां! मला शिकवू नको!"

"करा खुशाल," पलीकडून खोल गेलेला आवाज आला. "मी भटजी. रिक्षावाल्याच्या फोनवरून बोलतोय. पुढून गर्दीत शिरता येईना, म्हणून अर्धा तास मागच्या दाराशी उभा आहे. आधी कडी तर काढा."