कडकरावांचा ओलावा

"ओलाव्याची ओळख मला करून देऊ नका हो! उभी हयात त्याच्याशी लढण्यात गेली माझी. तो कुठून शिरतो, कुठे दडतो, कसा बाहेर काढायचा, सगळं झोपेतसुद्धा सांगेन!"

सिगारच्या दुकानात उभं राहून कडकरावांनी हे छातीठोकपणे सांगितलं. दुकानदार सभ्य माणूस. तो फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, इथे ओलावा काढायचा नाहीये. ठेवायचाय."

आणि मंडळी, तिथेच आमच्या कथानायकाच्या कपाळावर पहिली आठी पडली.

कडकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. माणूस स्वभावानं लोण्यासारखा! पण बिस्किटाच्या कारखान्यात कुरकुरीतपणा तपासण्याचं खातं त्यांच्याकडे. बिस्कीट कानाजवळ धरायचं, मोडायचं आणि आवाज ऐकून सांगायचं, पास की नापास. नुसत्या आवाजावरून भट्टी बदलायला लावणारा असा कान देवानं दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. म्हणून कारखान्यानं त्यांना कडकराव केलं आणि घरानंही ते मान्य केलं.

घरात त्यांचा कायदा एकच. ओल दिसली की पुडी! ओलावा शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या असतात ना, नव्या बुटात सापडतात त्या? कारखान्यातून बाद झालेल्या तसल्या पुड्या घरात ढिगानं यायच्या. बुटांत पुडी, अल्बममध्ये पुडी, आईच्या चष्म्याच्या घरात पुडी. एकदा पाहुण्यांच्या छत्रीतही एक निघाली होती. बायको आणि आई या कायद्यात इतक्या मुरल्या होत्या की हाताला दमट लागलं की दुसरा हात आपोआप पुड्यांच्या बरणीकडे जायचा.

अशा माणसाला ओलावा साठवणारा डबा कशाला हवा होता? तर सासऱ्यांसाठी.

सासरे वरच्याच मजल्यावर राहायचे. मालवाहू जहाजावर भांडारी म्हणून सामानाचं कोठार सांभाळायचे, पण सगळी इमारत त्यांना कप्तान म्हणायची, कारण त्यांच्या गप्पांत जहाज बहुतेक तेच चालवायचे. आणि प्रत्येक गप्पेचा शेवट ठरलेला. "डेकवर मी, शेजारी कप्तान, आणि दोघांच्या हातात ही एवढी सिगार! अहाहा! तो वास, तो धूर! आता कुठे मिळायचं ते!"

कप्तान तोंडभरून कौतुक करायचे. लिफ्टचं करायचे, शेजारच्या कुत्र्याचं करायचे, पेपर टाकणाऱ्याचं तर रोज. पण जावयाला मात्र लग्नापासून आजवर एकदाही 'शाबास' म्हणाले नव्हते. कडकरावांनी त्यांचा नळ दुरुस्त केला, तेव्हा म्हणाले, "हं, थेंब थांबला." बढतीची बातमी सांगितली, तेव्हा म्हणाले, "हं, उशीरच झाला." या 'हं'च्या पलीकडे एक 'शाबास' असेल, अशी आशा मनात धरून कडकराव जगत होते. आता सासऱ्यांची पंचाहत्तरी आली होती. म्हटलं, या खेपेला ती सिगारच हातात ठेवू!

"सिगार घ्याल, पण नीट ठेवली नाही तर सुकून जाईल. त्यासाठी ह्युमिडॉर लागतो," दुकानदार म्हणाला आणि त्यानं काचेच्या कपाटातून एक झळझळीत पेटी काढली. कडकरावांनी किंमत विचारली. मग पेटीला लागलेलं बोट हळूच मागे घेतलं.

"घरगुती माणसाला परवडेल असं काही?"

"आहे की. पोटाला लहान, पण गुणाला मोठा." दुकानदारानं एक छोटा, साधा डबा पुढे केला. आतून देवदाराचं अस्तर, वर एक लाकडी ताट, ताटाखाली थोडी पोकळी. झाकणाच्या आत ओला करायचा स्पंज, आणि समोर ओल दाखवणारी घड्याळासारखी तबकडी, एकाच काट्याची. "झाकण टाकून बघा. धप्पकन पडलं तर समजा हवा जाते. फुस्स करत अलगद बसलं तर डबा पक्का."

कडकरावांनी कान लावला. झाकण फुस्स करत बसलं. कानाला पटलं म्हणजे विषय संपला!

"स्पंजात डिस्टिल्ड वॉटर घालायचं. इन्व्हर्टरला घालतात ना, तेच. काटा सत्तरच्या आसपास राहायला हवा. आणि एक करा, सिगारचं ताट सारखं उचलू नका."

"प्रश्नच नाही!" कडकराव म्हणाले.

सिगार भरून डबा त्यांनी बेडरूमच्या कपाटात वरच्या फळीवर, ब्लँकेटांमागे लपवला. कुणाला चकार शब्द सांगितला नाही. बायकोला सांगितलं तर ती तिच्या आईला सांगणार, आणि सासूबाईंना सांगितलं म्हणजे कप्तानांना लाऊडस्पीकरवरून सांगितल्यासारखंच.

पण नवऱ्यानं लपवलेली वस्तू बायकोला सापडू नये अशी जागा देवानं घडवलेलीच नाही. ब्लँकेटाची खोळ बदलायला म्हणून बायको स्टुलावर चढली आणि डबा हाती लागला. उघडते तर सिगार! तिला घेरीच आली. म्हणजे हा माणूस लपूनछपून धूर काढतो की काय? ती स्टुलावरच मटकन बसली. इतक्यात सिगारांना बांधलेली चिठ्ठी दिसली. 'बाबांना, पंचाहत्तरीनिमित्त, तुमचा जावई.' बायकोचे डोळे पाणावले. 'माझ्या बाबांसाठी! आणि मला पत्ता लागू दिला नाही! बरं, मीही काही बोलणार नाही. बिचाऱ्याची गंमत जाईल.'

ती झाकण लावणार, तोच बोट स्पंजाला लागलं.

"अगंबाई! डब्यात ओल!"

पुढचं काय सांगायचं? तिनं ताट उचललं आणि नवऱ्यावरच्या सगळ्या प्रेमानिशी खालच्या पोकळीत एक पुडी सारली.

संध्याकाळी कडकरावांनी बघितलं, तर काटा खाली. 'नवा डबा आहे, पाणी प्यायचाच,' म्हणत त्यांनी स्पंज भिजवला. दुसऱ्या दिवशी काटा आणखी खाली! पुन्हा भिजवला. त्याच सुमाराला आईला गुडघ्यावर घ्यायला जाड ब्लँकेट हवं झालं. तिनं सूनबाईला हाक मारली नाही, स्वतःच काठीनं ओढलं, आणि ब्लँकेटाबरोबर डबाही पलंगावर आला. आईनंही चिठ्ठी वाचली, आईचेही डोळे पाणावले, आईच्याही बोटाला ओल लागली. ताट उचलून बघते तर खाली एकच पुडी!

"एवढ्या ओलीला एकच? काय बाई ही आजकालची काटकसर!" म्हणत माउलीनं मूठभर पुड्या आत घातल्या.

आता काटा असा घसरला, जणू जिन्यावरून पाय सुटला! कडकराव दुकानात धावले.

"तुमचा डबा गळका आहे!"

"कान लावून घेतलात ना साहेब?"

"मग तबकडी खोटी असेल!"

"असं करा. वाटीत ओलं मीठ घ्या, वाटी नि तबकडी एका पिशवीत बंद करा. काटा पंचाहत्तरवर आला तर तबकडी खरी."

काटा इमानदारीत पंचाहत्तरवर आला. मग कडकरावांनी सिगार बाजूला न काढताच डब्यात पेटता टॉर्च ठेवला, झाकण लावलं, पडदे ओढले आणि पलंगाखाली डबा घेऊन उजेड कुठून गळतो ते बघत पालथे पडले. बायको दारात आली. पलंगाखालून नवऱ्याचे नुसते पाय दिसत होते.

"अहो, काय चाललंय?"

"च... चप्पल शोधतोय!"

"ती तर पायात आहे."

"सापडली म्हणजे!"

बायकोला सगळं ठाऊक होतं, म्हणून तिनं पदरात हसू दाबलं आणि गेली. उजेड काही गळत नव्हता. म्हणजे डबा पक्का, तबकडी खरी, पाणी रोजचं, आणि काटा तरी तळाला! कडकरावांनी एकच निष्कर्ष काढला. सिगारच पाणी पितात! मग ते सकाळी पाणी घालू लागले, कारखान्यातून आल्यावर घालू लागले, दात घासता घासताही एकदा घालून आले. घरातल्या इन्व्हर्टरच्या वाट्याचं पाणी सिगारनी संपवलं. दिवे गेले तेव्हा इन्व्हर्टरनं एक उसासा टाकला आणि तोही गेला.

आणि वाढदिवस उजाडला!

वरच्या मजल्यावर कप्तानांचा फिरायला जाणारा सगळा कंपू जमला होता. निवृत्त वकीलसाहेब पुढच्या खुर्चीत. चहा झाला, केक झाला, आणि कडकरावांनी डबा पुढे केला. कप्तानांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

'गहिवरले!' कडकरावांना वाटलं.

"वा! सिगार!" वकीलसाहेब उडालेच. "कप्तान, आज होऊन जाऊ दे! इतकी वर्षं नुसतं ऐकतोय!"

"आत्ता? आत्ताच केक खाल्लाय हो..."

"मग तर उत्तम!"

"घरात धूर नको. पडदे नवे आहेत."

"गॅलरीत चला ना! आम्ही खुर्ची आणतो!"

कप्तानांनी निरुपायानं डब्यात हात घातला. एक सिगार उचलली आणि जाणकार धरतात तशी कानाजवळ धरून बोटांत जराशी दाबली.

कुर्रर्र!

कडकरावांचा कान क्षणभर तृप्त झाला. असा आवाज कारखान्याच्या सर्वोत्तम भट्टीतूनही कधी निघाला नव्हता. पास! अव्वल दर्जा! आणि मग त्यांना कळलं, काय मोडलंय ते.

कप्तानांच्या मांडीवर तपकिरी भुगा सांडला होता. दुसरी उचलली, कुर्र! तिसरी तर नुसत्या नजरेनंच फुटली म्हणायची. वकीलसाहेबांनी ताट उचललं, तर खाली पांढऱ्या पुड्यांची गादी! प्रत्येकीवर छापलेलं, 'खाऊ नये.'

कप्तान उठले. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

"घरची मंडळी जरा स्वयंपाकघरात या," ते म्हणाले.

स्वयंपाकघराचं दार लागलं. आत कडकराव, बायको, आई आणि सासूबाई ओट्याला टेकून उभे, वर्गाबाहेर काढल्यासारखे.

"कुणाचं काम हे?"

"मी नाही!" बायको म्हणाली.

"मी तर डबा बघितलाच नाही," आई म्हणाली.

कप्तानांनी दाराला कान लावून बाहेरचा अंदाज घेतला. आणि मग, मंडळी, पंचाहत्तर वर्षांचा तो माणूस दोन्ही हात वर करून जागच्या जागी नाचू लागला!

"अरे, सांगा ना कुणाचे उपकार! वाचलो! जहाजावरच्या त्या कप्तानाच्या आग्रहानं जन्मात एकदाच ओढली होती. दोन झुरके घेतले आणि दोरखंडाच्या वेटोळ्यात आडवा झालो! शुद्धीवर आलो तेव्हा जहाज पुढच्या बंदराला लागलं होतं! आज त्या वकिलासमोर माझी काय शोभा झाली असती?"

सगळ्यांचे चेहरे फुलले.

"बाबा, पहिली पुडी माझी!" बायको पुढे सरसावली.

"एकीनं काय होतंय? मूठभर मी घातल्या!" आई म्हणाली.

"आणि बाकीची गादी माझी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "परवा लेकीकडे ब्लँकेट मागायला गेले, तेव्हा दिसला डबा. उतू गेलेल्या दुधाच्या धुरानंही खोकणारा हा माणूस, सिगार काय ओढणार? सिगारला हात लावला तर पापुद्रा सुटला. म्हटलं, काम छान चाललंय, आपणही हातभार लावू."

कप्तानांनी तिघींना हात जोडले. "शाबास गं पोरी! शाबास विहीणबाई! आणि तुला काय म्हणू? तुला तर जन्माची शाबासकी!" मग ते वळले. डोळ्यांत माया मावत नव्हती. "आणि जावईबापू, तुमची पुडी कोणती?"

कडकरावांनी सासऱ्यांकडे पाहिलं. तो शब्द अगदी ओठांवर आला होता सासऱ्यांच्या. एक पुडी, नुसती एक पुडी आपली म्हणून सांगायची, की झालं! बायको मागून खुणा करत होती. पण खोटं बोलायची कला देवानं त्यांना दिलीच नव्हती.

"मी... मी रोज पाणी घालत होतो."

कप्तानांनी कपड्यांवरचा उरलासुरला भुगा झटकला.

"हं," ते म्हणाले. "असू दे. घरात असा एखादा असतोच."

मग त्यांनी चेहऱ्यावर सुतक चढवलं, जावयाला हाताला धरून बाहेर आणलं आणि साऱ्या कंपूसमोर मोठ्ठा सुस्कारा सोडला. "काय सांगू वकीलसाहेब! आज ओढून दाखवणारच होतो, पण जावयानं डबा नेमका स्वस्तातला आणला, वर त्यात पुड्याही भरल्या!"

कंपू हळहळला. वकीलसाहेबांनी कडकरावांकडे असं पाहिलं, की आरोप सिद्धच झाला. आणि त्याच वेळी, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, कप्तानांनी जावयाच्या पाठीवर हळूच दोन थापा मारल्या.

ती शाबासकी होती, की 'तोंड बंद ठेवा' अशी खूण, हे कडकराव अजून ठरवताहेत.