सगळ्या घाटकोपरला एकच वाण

संक्रांतीच्या तोंडावर अक्षताच्या ऑफिसचं ॲप रेंगाळायला लागलं. हळदीकुंकवाला कोणतं वाण लुटावं ते हे ॲप सुचवायचं. आसपास कोणी काय लुटलंय ते पाहून, त्याहून वेगळं. पण त्यासाठी दर वेळी सगळा डेटाबेस धुंडाळायचं, आणि तोवर स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहायचं.

"तिकडे बायका वाण आणून लुटून मोकळ्या होतायत," अंधेरीच्या ऑफिसात तिचा बॉस हर्षद म्हणाला. "काहीतरी कर यार."

अक्षतानं कॅशिंग केलं. म्हणजे, एकदा शोधलेलं उत्तर जवळ ठेवायचं आणि पुन्हा कोणी विचारलं की तेच द्यायचं. फोडणीसाठी कोणी दर वेळी माळ्यावरचे डबे उतरवत नाही, हाताशी मिसळणाचा डबा असतो, तसं.

घरी येऊन तिनं फोन आईपुढे धरला. "विचार ना याला काहीतरी."

"मी कशाला? मला कोण बोलावतंय आता?" अनुपमाबाई म्हणाल्या.

बाबा गेल्यापासून संक्रांत आली की त्या तळमजल्यावरचं आपलं दार लोटून घेत. पूर्वी बिल्डिंगीतलं पहिलं हळदीकुंकू त्यांचं असायचं. अक्षताचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे आता त्या घरात बोलावणं कोणालाच नव्हतं.

"टेस्टिंगला गं, आई."

त्यांनी बटण दाबलं. झटकन उत्तर आलं: चहाची स्टीलची गाळणी.

"बरं सुचवतं की. आपलीपण फाटलीय," म्हणत त्यांनी चहा दिला. त्यात पावडर तरंगत होती.

अक्षता खूश. फक्त एक चुकलं. उत्तर घरागणिक साठवायचं ते तिनं पिनकोडगणिक साठवलं. तेही थेट रथसप्तमीपर्यंत.

तिसऱ्या मजल्यावर कल्पितानं ॲपला विचारलं आणि हौसेनं गाळण्या लुटल्या.

दुसऱ्या मजल्यावर पार्वतीकाकूंनी (पुन्हा लिहीत नाही, वरचंच वाक्य घ्यावं).

पहिल्या मजल्यावर (तेच).

समोरची बिल्डिंग (तेच).

शेवटी कल्पिता पिशवी घेऊन खाली आली. मागोमाग पार्वतीकाकू.

"अक्षता, तुझंच ना गं हे ॲप?" कल्पिता म्हणाली. "वाट लागली. घरात चहापेक्षा गाळण्या जास्त झाल्यात. आमचे हे एकीतून झाडांना पाणी घालतात."

अक्षतानं लॅपटॉप उघडला, आणि तिचा चेहरा पडला. "आईला दिलेलं उत्तरच सगळ्यांना गेलंय."

"तुमच्याकडे किती जमल्या?" कल्पितानं विचारलं.

"एकपण नाही," अक्षता म्हणाली.

का नाही, ते सगळ्यांनाच माहीत होतं. अनुपमाबाई पदराशी चाळा करत दाराआड सरकल्या.

कल्पितानं पिशवीतून एक गाळणी काढली. "मग ही घ्या ना काकू. प्लीज."

"थांब," पार्वतीकाकूंनी तिचा हात धरला.

काकू बिल्डिंगीत सगळ्यांत मोठ्या. त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

"वाण असा नुसता देतत काय गो? कुंकू खंय आसा?"

"अहो, पण मी..." अनुपमाबाई म्हणाल्या.

"तू गप रव."

कल्पिता धावत वर जाऊन करंडा घेऊन आली. हळद लागली, कुंकू लागलं. मग बातमी जिन्यानं वर गेली, आणि ज्या ज्या घरात गाळण्या उतू चालल्या होत्या तिथून एकेक बाई खाली यायला लागली.

इतक्यात हर्षदचा फोन आला. "अगं, सगळ्या घाटकोपरला गाळणीच जातेय. ती कॅश उडव आधी."

अक्षतानं दाराकडे पाहिलं. आई डोळे पुसत हसत होती, आणि मांडीवरच्या गाळण्या मावेनाशा झाल्या होत्या.

"उडवते रे," ती हळूच म्हणाली. "चौथा मजला यायचाय अजून."