पाच अंशांचा चढ

चांदसाबनी उभं आयुष्य ट्रक चालवला. टेंभुर्णीच्या नाक्यावर त्यांना ओळखत नाही असा ढाबेवाला नव्हता. अर्धांगवायूनंतर मात्र शुक्रवार पेठेतल्या स्वतःच्या घराच्या दोन पायऱ्या त्यांना उतरता येईनात. इच्छा एकच, कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोस्तांबरोबर चहा. उचलून नेलेलं चालत नव्हतं. "जित्तेपणी खांद्यावर नको," म्हणायचे.

"आरं गौस, घाट उतरलोय मी. एक फळी टाक की!"

मुलगा गौस दहावीच्या पोरांना गणित शिकवतो. फळी टाकणं त्याच्या विद्वत्तेला शोभत नव्हतं. दोन्ही पायऱ्यांची मिळून उंची एक फूट, व्हीलचेअरला कोन हवा पाच अंशांचा. त्याने टॅन काढला, भागाकार केला.

"उतार साडेअकरा फूट लांब लागतो, अब्बा."

"आन् गल्ली?"

"नऊ फूट."

"म्हंजे मी थेट समोरच्या भीमाशंकरच्या सैपाकघरात जानार की!"

भिंतीला लागून उतार झाला असता, पण तिथे भीमाशंकरची बाइक असायची. "आमची गाडी वडलांच्या टायमापासनं हितंच लागती," तो म्हणाला. दुसऱ्याच्या जिवंत बापापेक्षा आपल्या मेलेल्या बापाचा टाइम मोठा. चांदसाब दारातच बसून राहिले आणि गौसने पाच अंश काही सोडले नाहीत.

मग निवडणूक आली, पाठोपाठ काँक्रीट आलं. जुना रस्ता खणायची आपल्याकडे पद्धतच नाही, थरावर थर. कंत्राटदार तिप्पण्णाने पायऱ्या गाडून उंबऱ्यापर्यंत भर घातली. गौसने उंबऱ्यापाशी पट्टी लावली आणि ओरडला, "चढ शून्य!" चांदसाब त्या दिवशी दोन कप चहा पिऊन आले. आनंदाने रडलेसुद्धा.

पट्टी गल्लीभर लावायला हवी होती. पाच दिवसांनी नळ सुटला, भीमाशंकरने रिवाजाप्रमाणे बाइक धुतली आणि सगळं पाणी गल्लीच्या उतारावरून घरात, चांदसाबच्या गादीखाली आलं.

"आता कोन मोजत बसू नका," गौसची बायको यास्मीन कडाडली. "आदी दारात उंच उंबरा बांदा!"

संध्याकाळपर्यंत नवा उंबरा उभा राहिला. गुडघाभर उंच, अगदी सरळ. चांदसाब खुर्चीची चाकं ढकलत त्याच्यापर्यंत आले.

"ह्येचा कोन किती रं?"

"नव्वद."

"आन् चढ?"

याचं उत्तर गौस दरवर्षी फळ्यावर लिहायचा. आज ते बापाला सांगावं लागलं. "उभ्या रेषेचा चढ काढता येत नाही, अब्बा."

चांदसाबनी खुर्ची वळवली.

"यास्मीन, चहा हितंच आन बेटी."