गजूची दस्ती

जिंतूरच्या स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून लालभडक दस्ती आत पडली, की समजावं, आमचा गजू आला. दस्ती म्हणजे रुमाल. तो सीटवर पडला की जागा आपली, हा आमच्याकडचा कायदा. गजूचा नेम तर असा, की पैज लावावी. पण एवढी झोंबाझोंबी करून धरलेल्या जागेवर हा बाबा कधी बसायचाच नाही!

गजू माझा चुलत भाऊ. बारावीला, ताडमाड उंच, मिसरूड नुकतंच फुटलेलं. मी त्याच कॉलेजात, एक वर्ष पुढं.

"मग धरतोस कशाला रे जागा?"

"असू दे की, ताई."

असू दे की, हे त्याचं सगळ्यावरचं औषध. चप्पल तुटली, पेपर अवघड गेला, असू दे की.

मला काही चैन पडेना. पाळत ठेवली, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या वर्गातली शीतल गाडीत चढली, की गजूचे कान लाल व्हायचे. 'बस' म्हणायला तोंड उघडायचा, तेवढ्यात पिशव्या घेतलेली एखादी म्हातारी यायची आणि हा घाईघाईनं म्हणायचा, "बसा की आजी, आपलीच जागा हाय." सुटलो बुवा, असं तोंड करून!

शीतल मग दांडी धरून त्याच्या शेजारी उभी. मी माझ्या सीटवरून हाक मारायचे, "ये गं, सरकून बसू."

"राहू दे ताई, उभीच बरी."

दोघंही एका माळेचे मणी.

मग कळलं, परीक्षा झाली की शीतल नर्सिंगला परभणीला मामाकडं जाणार. गजूचं तोंडच उतरलं. "ताई, शेवटच्या पेपरला तिला बसवणार म्हंजे बसवणार."

त्या दिवशी दस्ती पडली. मागोमाग पिशव्या घेऊन एक आजीही आली. "उचल ती दस्ती, लेकरा."

"न्हाई आजी. जागा धरलीय."

"कुणासाठी रे राजा?" कंडक्टरनं विचारलं. सगळी गाडी बघायली. गजू घामाघूम.

तेवढ्यात शीतल चढली. गजूनं दोन्ही हातांनी सीट दाखवली. शीतलनं दस्ती उचलली, आजीला बसवलं आणि दस्ती त्याच्या हातात दिली. हळूच म्हणाली, "मला बसायचंच असतं, तर रोज ताईपाशी बसले नसते का?"

आता तरी बोलशील ना बाबा! गजू म्हणाला, "असू दे की."

मी कपाळावर हात मारला.

आता शीतल परभणीला आहे. गजू सुट्टीत कॉम्प्युटर क्लासला जातो. परवा येताना आम्ही दोघं एकाच गाडीत होतो. गाडी सगळी मोकळी, आणि हा आपला उभा.

"बस की रे, किती जागा हाय."

"राहू दे ताई. उभंच बरं."

उठून त्याच्याजवळ गेले, पण जरा अलीकडंच थांबले. शीतल जिथं दांडी धरायची, तिथं दांडीवर त्यानं दस्ती टाकली होती.