व्हर्लिनचे उरलेले टाके

लॉरेटाने व्हर्लिन होगेनच्या कपाळावर चौथा टाका घातला आणि मार्सी रडतच आत आली. दवाखान्याचा फोन आणि गावाच्या बातम्या, दोन्ही तीच सांभाळायची. व्हर्लिन सकाळी कोठार सजवताना शिडीवरून पडला होता. चार वाजता तिथेच पोरीचं लग्न.

"डॉक्टर गेले गं, लॉरेटा. त्यांच्या दारात आठ जणी हॉटडिशची झाकलेली भांडी घेऊन उभ्या होत्या. फोनही कुणी उचलत नाही."

त्या गावात इतक्या बायका घरी शिजवलेलं जेवण झाकून एका घरी निघाल्या, म्हणजे तिथे कुणीतरी मेलंच. लॉरेटा हादरली. ती फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरच्या हाताखाली उपचार करणारी. सोळा वर्षं अख्ख्या गावाला तिनेच शिवलं होतं, पण डॉक्टर ऑस्टबींच्या देखरेखीखाली. देखरेखीला डॉक्टर नसेल, तर राज्याच्या नियमाने तिने कुणाला हात लावायचा नाही. तिने सुई सोडली. ती दोऱ्याला लटकून व्हर्लिनच्या भुवईवर झुलू लागली.

"अगं, दोनच राहिलेत," तो कळवळला. "मेलेला माणूस तक्रार करणारे का?"

"राज्य करेल. परवाना जाईल माझा."

दुसरा डॉक्टर नव्वद मैलांवर. तिकडे जाऊन येईपर्यंत लग्नाचा केकसुद्धा संपला असता.

एवढ्यात दारात खुद्द डॉक्टर ऑस्टबी उभे राहिले. ओठाला केकचं क्रीम लागलेलं. एवढे फोन कशाला, म्हणून विचारायला आले होते. लॉरेटाच्या जिवात जीव आला. तिने सुईकडे हात नेला.

"थांब," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "मी निवृत्त झालोय. आजच. परवानाही परत केला. घरी त्याचंच जेवण चाललंय. तुला उद्या सांगणार होतो."

माणूस धडधाकट समोर उभा, आणि उपयोग मेल्यासारखाच. सोळा वर्षांची नोकरी अशी जावी, तीही जेवणाचं आमंत्रणसुद्धा नसताना, याचा लॉरेटाला भयंकर राग आला.

व्हर्लिनची बायको बर्नाडीन लग्नाचे कपडे घालून कोपऱ्यात बसली होती. चर्चच्या लिलावासाठी दरवर्षी गोधड्या शिवणारी बाई. ती उठली, चष्मा लावला, हात धुऊन हातमोजे चढवले.

"स्वतःच्या नवऱ्याला शिवायला परवाना लागतो का?"

डॉक्टर आणि लॉरेटा नियम आठवू लागले. तोवर बर्नाडीनने दोन टाके घातले, वर एक पक्केपणासाठी.

लग्न वेळेवर लागलं. दुसऱ्या दिवशी लॉरेटा आपलं सामान न्यायला आली, तर दवाखान्यात तिघं ताटकळत बसलेले. त्यांना बघून तिला बरं वाटलं. पण त्यांनी तिला एवढंच विचारलं, की बर्नाडीन किती वाजता येते.